घर हललं तर

“हाऊ डोकरा गच्चीवर खांबागत काबर उभा शे व माय?”

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी हे आपल्या सुनेला विचारलं, आणि मधल्या बुटक्या भिंतीच्या अलीकडं उभ्या असलेल्या मला ते स्पष्ट ऐकू आलं. एखादा म्हातारा सकाळी सकाळी गच्चीवर खांबासारखा का उभा आहे, यात एरवी कुणाला नवल वाटलं नसतं. पण हा म्हातारा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे फुवा. फुवांइतका एका जागी न थांबणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर मिळून दुसरा सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगते. त्यामुळं काकूंच्या आवाजात चेष्टा कमी आणि काळजी जास्त होती. सुनेनं पिळलेला टॉवेल तसाच हातात धरला होता. फुवा मान ताठ, हात मांड्यांना चिकटवून, पूर्वेकडच्या आकाशाकडं बघत उभे होते. ओठ न हलवता त्यांनी मला बजावलं, “हलू नकोस. तो जातोय.”

आत्याच्या नवऱ्याला फुवा म्हणायचं ही गुजरातची सवय. सुरतेत वाढलेल्या आम्हा सगळ्या भावंडांना ती लागली. आम्ही मूळचे खानदेशातले. बाबा बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये, आणि फुवा अमळनेरकडून तरुणपणी आले ते थेट लूमच्या कारखान्यात जॉबर झाले. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. एक माग चालू झाला की दुसरा बंद पडतो, दुसऱ्याकडं पळावं तर तिसऱ्याचा धागा तुटतो. त्यांचं सारं आयुष्य मागांच्या रांगांमधून असं चालण्यात गेलं. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यापुरते माग थांबले, फुवा थांबले नाहीत. ते चहा चालत पितात. पहिला घोट स्वतःच्या ओट्यावर, दुसरा समोरच्यांच्या दारात, आणि रिकामा कप बहुतेक सोसायटीच्या फाटकावर सापडतो. जेवताना भाकरीचा तुकडा मोडून ते दारापर्यंत जाऊन येतात, मग भाजीत बुडवतात. खुर्चीत बसून दाढी करवून घेणं त्यांना आजवर जमलेलं नाही. अर्ध्या गालाला साबण लावून ते रस्त्यावर कुणाची रिक्षा घासली ते बघायला गेले होते, आणि परत येईपर्यंत न्हाव्याचे दुसऱ्या गिऱ्हाइकाचे केस कापून होत आले होते. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये फुवा आहेत, पण एका कोपऱ्यातून जाणारी पांढरी अस्पष्ट रेघ म्हणून. गावाकडं जाताना एस.टी.त जागा असली तरी ते उभे राहतात. मी लहानपणी एकदा का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “बसून गेलं की गाडी जाते. उभं राहिलं की आपण पण जातो.”

या माणसाला गप्प बसलेली मी आवडते, याचं मला कायम आश्चर्य वाटत आलं आहे. मी इंग्लिश मीडियमची. आमच्या घरात ही शिवी नव्हे, पण पदवीही नव्हे. घरात सगळे अहिराणी बोलतात, ती मला शेवटच्या शब्दापर्यंत कळते. बोलायला तोंड उघडलं की मात्र सगळे माझ्याकडं बघायला लागतात, त्यामुळं मी तोंडच उघडत नाही. लहानपणी एकदा उघडलं होतं, तेव्हा चुलतभावांनी माझी नक्कल दिवाळी संपेपर्यंत केली. तेव्हापासून “हं” एवढ्यावर माझं भागतं. फुवा बायकोशी अहिराणीत भांडतात, दुकानदाराशी गुजरातीत, रिक्षावाल्याशी हिंदीत, आणि माझ्याशी मात्र शाळेतल्या पुस्तकातलं मराठी बोलतात. “मॅडमशी शुद्ध बोलावं लागतं,” असं ते सगळ्यांदेखत सांगतात. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यामुळं त्यांचं खाजगी बोलणंही गल्लीच्या टोकापर्यंत पोचतं. एका रविवारी ते आत्याला म्हणाले ते असंच सगळ्या गल्लीनं ऐकलं. “ह्या पोरीच्या तोंडावर कायम ढग. साध्या कॅमेऱ्यानं काही दिसायचं नाही, हिला रडारच लावायला पाहिजे.”

रडार हा शब्द त्यांना माझ्याकडूनच मिळाला होता. मी कुठं नोकरी करते असं नातेवाइकांनी विचारलं की मी “कंप्यूटरवर” म्हणते, आणि त्यावर समाधान न झालेला फुवांखेरीज एकही नातेवाईक मला अजून भेटलेला नाही. “कंप्यूटरवर काय? टेबलावर काय म्हणून विचारलं तर जेवण म्हणशील का टेबल म्हणशील?” मग मला सांगावं लागलं. आमचं ऑफिस पुरानंतरचे नकाशे करतं. पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं, साध्या उपग्रहाला खालचं काही दिसत नाही. रडारवाला उपग्रह स्वतःच खाली लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. त्याला ढगांची अडचण नाही, अंधाराचीही नाही. साचलेलं पाणी आरशासारखं असतं, लहर भलतीकडंच फेकून देतं, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. घरं लहर परत पाठवतात, म्हणून पांढरी. आणि तो ठरावीक दिवसांनी पुन्हा त्याच वाटेनं येतो. तेव्हा आधीचं आणि नंतरचं चित्र एकमेकांवर ठेवून पाहिलं की खालची जमीन बोटाच्या पेराहूनही कमी सरकली असली तरी समजतं. मी एवढं सलग बोलल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. पण त्याहून मोठं असं घडलं की फुवा थांबले. हातात पाण्याचा पेला, एक पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, एक बाहेर, आणि ते खरोखर थांबले. आत्यानं पातेल्यातून डोकं वर काढून बघितलं.

त्यांना थांबवणारं कारण होतं. त्यांचं घर पर्वत पाटियाच्या पुढं, खाडीच्या अगदी काठाला असलेल्या रो-हाउसच्या ओळीत आहे. आदल्या पावसाळ्यात खाडी फुगली आणि पाणी खालच्या मजल्यात शिरलं. आत्या आणि फुवा स्टो, डबे आणि देव घेऊन गच्चीवर गेले. पाणी उतरलं तेव्हा काठाचा मोठा तुकडा घेऊन उतरलं, आणि मागच्या भिंतीला, स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर वीतभर, केसासारखी चीर पडली. आत्यानं त्या दिवसापासून एकच धोशा लावला, की पुढच्या पावसाच्या आत मला इथून न्या. आमचे बाबा तर आमच्या बमरोलीच्या घराचा वरचा मजला रिकामाच आहे म्हणून किती वेळा सांगून आले. आणि आयुष्यभर जागा न धरलेला हा माणूस या एका बाबतीत जागचा हलेना. ते घर त्यांनी जॉबरच्या पगारातून बांधलं होतं, एकेका वर्षी एकेक भिंत. “भिंतींना पाण्यानं चिरा पडतात, माणसाला उन्हानं पडतात. घर हललंय का? ते सांगा. घर हललं तर मी हलेन. तोवर नाही.”

हे वाक्य त्यांनी बाबांना ऐकवलं, आत्याला ऐकवलं, आणि रडार समजल्यावर माझ्यापुढं येऊन पुन्हा म्हटलं. पण या वेळी तो प्रश्न होता.

मग काय विचारता! आधी ते खाडीच्या काठावर रोज बांबू रोवून काठ किती ढासळला ते बघायचे, आणि शेजारणी ते बांबू वालाच्या वेलांना लावायला उपटून न्यायच्या. आता बांबू गेले आणि आभाळ आलं. फुवांनी सबंध ओळीला रडार समजावून दिलं. समजावताना त्यात थोडी भर पडत गेली. पहिल्या घरी उपग्रहाला जमीन दिसत होती, तिसऱ्या घरी जमिनीखालचं पाणी, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत कुणाची डाळ खाली लागली तेही. एका गृहस्थांनी पाण्याची मोटर कोणी चोरली ते पाहून सांगाल का, असं मला अदबीनं विचारलं. काकूंना वेगळीच शंका होती. तो वरून बघतो तर बायकांनी गच्चीवर अंघोळीनंतर केस वाळवायला जावं की नाही? फुवांनी त्यांना धीर दिला. “तो सरळ खाली बघतच नाही. बाजूनं, तिरका बघतो. तुमच्या सासूबाई बघायच्या तसा.” काकूंना ते एकदम पटलं.

घरांच्या कडा, टाक्यांचे कोपरे अशा ठिकाणांहून लहर चांगली परत येते; पण खात्रीनं यायला हवी तर तीन पत्रे काटकोनात जोडून एक कोपरा करतात आणि तो उपग्रहाच्या वाटेकडं तोंड करून पक्का बसवतात, हे मी सांगितलं ती माझी चूक नव्हती, ते विचारल्याशिवाय सोडणारच नव्हते. पुढच्या रविवारी गच्चीवर तो कोपरा हजर होता. फुवांनी उधन्याच्या एका फॅब्रिकेटरच्या डोक्यावर उभं राहून तो करवून घेतला होता. तीन चकचकीत पत्रे, तळाला पावसाचं पाणी जायला भोक, खाली विटांचा ओटा. बोल्ट मारून पक्का करायचा राहिला होता, कारण फुवांना बोल्टसाठी थांबवत नव्हतं. ओळीतल्या लोकांनी त्याला ‘फुवांची टोपली’ असं नाव दिलं. कबुतरांनाही ती आवडली. पहिले काही दिवस फुवा कबुतरं हाकलायला वर, आणि कबुतरं गेली का ते बघायला पुन्हा वर, असे फेऱ्या मारत राहिले.

आणि मग ते उभं राहणं सुरू झालं. उपग्रह आमच्यावरून सूर्य उगवायच्या सुमारास जातो. तो दिवस फुवांना माझ्यापेक्षा आधी माहीत असायचा. त्या दिवशी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर जात आणि टोपलीच्या बाजूला स्तब्ध उभे राहत. पेपरवाल्याला फाटकावरच हात दाखवून थांबवत. आत्यानं त्या वेळेत कुकर लावायचा नाही, शिट्टीनं घर हादरतं. मी त्यांना परोपरीनं सांगितलं की फुवा, माणूस उभा आहे का चालतोय यानं त्याला काही फरक पडत नाही. ते म्हणाले, “त्याला नसेल पडत. तो इतक्या लांबून आपल्यासाठी येतो, आपण एवढंही करू नये?” तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या बाजूला उभी राहिले. एरवी सतत हलणारा तो चेहरा स्थिर झाल्यावर मला तो अनोळखी वाटला. थकलेला वाटला. एवढ्यात काकूंचा तो प्रश्न ऐकू आला, आणि आत्या आमच्या जिन्यातूनच ओरडली, “मी काय सांगू, त्यासलेच इचार!”

हिवाळाभर मी ऑफिस सुटल्यावर थांबून टोपलीची रेघ काढत राहिले. रेघ म्हणजे काय, प्रत्येक फेरीत टोपली कुठं होती त्याचे ठिपके. ठिपके शहाण्यासारखे एका ओळीत होते. फुवा दर रविवारी बमरोलीला येत, येत म्हणजे आमच्या खालच्या दोन खोल्यांतून फिरत आणि दर फेरीला माझ्या खांद्यावरून लॅपटॉपात डोकावत. “आहे ना जागेवर?” मी म्हणे, “हं.” त्यावर खूश होऊन ते आईच्या हातचा चहा घेऊन गल्लीत नाहीसे होत.

चैत्र संपता संपता एका रविवारी मी महिन्याभराच्या राहिलेल्या फेऱ्या मांडल्या, तर रेघ मोडलेली. एक ठिपका एकदम खाली, पुढचा वर, त्याच्या पुढचा त्याहून खाली. मला ते चमत्कारिक वाटलं, मी लॅपटॉप मिटणार होते, पण फुवांची फेरी नेमकी तेव्हाच पूर्ण झाली.

“ही रेघ अशी का मोडली?”

“टोपली हललीय,” मी म्हणाले. “घराचं अजून सांगता येत नाही. मला बघावं लागेल.”

त्यातलं पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं. दुसरं आणि तिसरं मी बंद दाराला सांगितलं असावं. ते चहा न घेता गेले.

दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. आवाज असा, की मला आधी दवाखानाच आठवला. “लवकर ये व बाई. तुना फुवा सकायपासून बठेल शेतस.”

सकाळपासून बसलेले आहेत! मी ऑफिसात पोट दुखतं सांगून निघाले. पाहते तर खरंच, फुवा ओट्यावरच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले होते, आणि हिंचकाही हलत नव्हता. ओळीतले लोक येऊन बघून जात होते. कुणीतरी डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी रक्तदाब मोजला, तो व्यवस्थित निघाला, तेव्हा नेमकी तक्रार काय आहे असं त्यांनी विचारलं. काकूंनी फुवांकडं बोट दाखवून सांगितलं, “ये देखो ना साहेब, बैठे है.” डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा एकदा मोजला. घरात आत्यानं गाठोडी बांधायला घेतली होती. देव एका डब्यात, भांडी पोत्यात. शब्द दिला होता ना. घर हललं, आता माणसानं हलायचं. तिची वर्षाची इच्छा पुरी होत होती आणि तरी ती मधूनमधून पदरानं डोळे टिपत बाहेरच्या हिंचक्याकडं बघत होती. न हलणारे फुवा तिनंही याआधी कधी पाहिले नव्हते.

मी सरळ गच्चीवर गेले. गच्चीभर जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्यांवर बिबडे, ज्वारीचे, तीळ लावलेले पापड. खानदेशातल्या बायका उन्हाळ्यात बिबडे करतात. सुरतेत आल्या, कारखान्यांच्या चाळींत राहिल्या, तरी करतातच. टोपली विटांवर होती. पण विटांवर तिच्या जुन्या जागेचा गंजाचा डाग टोपलीच्या बाहेर आला होता. मी वाकून आत पाहिलं. तिन्ही पत्रे जिथं मिळतात त्या कोपऱ्यात पीठ वाळून चिकटलं होतं, आणि त्यात तीळ होते.

आत्याला वर बोलावलं. तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही, उलट कौतुकानं सांगायला लागली. त्या टोपलीत ऊन तिन्ही बाजूंनी उडतं, त्यामुळं जे बिबडे साडीवर दुपारपर्यंत ओले राहतात ते टोपलीत बघता बघता खडखडीत होतात. म्हणून ती आणि काकू टोपली सकाळी उन्हाकडं ओढायच्या, संध्याकाळी पुसून परत ठेवायच्या. “बिघडाले नको म्हनीसन रोज जठे व्हती तठेच ठेई दिधी,” आत्या म्हणाली. तिच्या हिशेबानं जागची जागा म्हणजे त्याच विटा. बोटभर इकडं-तिकडं कोण बघतं? आकाशातून एक जण बघत होता.

फुवांना हे सांगायला मला तोंड उघडावंच लागलं नाही, आत्याचा आवाज खाली पोचला होता. हिंचक्याची कडी कुरकुरली. फुवा जिना चढून आले, डाग पाहिला, तीळ पाहिले, टोपलीभोवती एक फेरी मारली, मग गच्चीभोवती एक, आणि मग सबंध खाडीला ऐकू जाईल असं हसले. “घर नाही हललं! जमीन नाही हलली! बायको हलली!” दुपारी ओळीतल्या प्रत्येक घरात चणाडाळीचा गरम सुरती लोचो गेला. फुवा स्वतः ताटं घेऊन दारोदार फिरले, आणि प्रत्येक दारात गोष्ट वाढत गेली. शेवटच्या घरी उपग्रहानं बिबड्यातले तीळही मोजले होते. डॉक्टरांनाही लोचो पोचवला. आणि संध्याकाळी, एवढे दिवस त्यांना वेळ मिळाला नव्हता तो बोल्ट त्यांनी टोपलीला मारून टाकला.

मी स्वयंपाकघरात आत्याला भांडी पोत्यातून काढायला मदत करत होते. भिंतीवरच्या चिरेवर तिनं पिठाची चाळणी टांगली होती, ती गाठोड्यात गेल्यामुळं चीर उघडी होती. आत्यानं चाळणी काढली, पुसली, पुन्हा खिळ्याला लावली. “मले वाटनं, यंदा तरी...” एवढंच म्हणून ती डब्यातले देव देव्हाऱ्यात मांडायला गेली. चाळणी चीर पुरी झाकत नव्हती. मला आठवत होतं, दिवाळीत पुरी झाकायची.

मग मी टोपली सोडून दिली. म्हणजे तिचे सगळे ठिपके बाजूला ठेवले आणि ओळीतल्या इतर जागा पाहिल्या, ज्यांना कुणी उन्हाकडं ओढत नाही अशा. टाकीचा लोखंडी घोडा. जिन्याचा कठडा. काकूंच्या पत्र्याची कड. टोपली एका फेरीत बोटभर उडी मारून दुसऱ्या फेरीत परत येत होती. ही ठिकाणं उड्या मारत नव्हती. हिवाळा संपल्यापासून ती दर फेरीला नखाच्या जाडीएवढी खाली जात होती, आणि एकदाही वर येत नव्हती. सबंध सोसायटी नाही, फक्त खाडीकडची टोकाची घरं. फुवांचं सगळ्यांत जास्त. मी पुन्हा काढलं, ऑफिसातल्या दोघांना कुणाचं घर ते न सांगता दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, तिथं माणसं राहतात का?

त्यानंतरचे दिवस मी फुवांसारखी जगले. ऑफिसच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत चहा प्यायले. घरी जेवताना उठून दोनदा खिडकीशी गेले, आई म्हणाली, हिला काय फुवांचं लागलं का? मी फोन केला, तर फुवांनी फोनवर चालत चालत मला शेजारच्या सोसायटीत सांगितलेली तिळांची गोष्ट पुरी ऐकवली आणि “बरंय मॅडम” म्हणून ठेवून दिला. रविवारी ते आले, तर मी इंग्रजीत वाक्य तयार केलं, मराठीत केलं, आणि दोन्ही तशीच ठेवून त्यांना चहा नेऊन दिला. ते लॅपटॉपाकडं बघतच नव्हते आता. बघायची गरजच उरली नव्हती. एवढा खूश माणूस मी कधी बघितला नव्हता, आणि त्याला खाली बसवणारं वाक्य जगात फक्त माझ्याकडं होतं. हिंचक्यावर बसलेले ते फुवा मला सारखे दिसत.

उपग्रहाच्या पुढच्या फेरीच्या दिवशी मी बमरोलीहून पहिली बस पकडून गेले. पावसाचे दिवस जवळ आले होते, आभाळ खालपर्यंत उतरलं होतं आणि खाडीला तो हिरवट वास सुटला होता. फुवा गच्चीवर इस्त्रीच्या शर्टात तयार होते. बोल्ट मारलेली टोपली, रिकामी विटांची कड, पलीकडं काकू हातात चिमट्यांची पिशवी घेऊन, आता त्याही सवयीनं थांबलेल्या. खाली आत्यानं कुकर लावला नव्हता. मला बघून फुवांनी जागा करून दिली.

“एवढ्या ढगांतून दिसेल ना त्याला?”

“हं.”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “आज आभाळापेक्षा तुझ्यावरच जास्त आहेत, मॅडम.” मग हात मांड्यांना लावून ते ताठ झाले, ओठ न हलवता म्हणाले, “आला. हलू नकोस.”

मी हलले नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. या माणसाला मी जन्मापासून जाताना बघत आले होते, या दारातून त्या दारात, आणि त्याला धरून ठेवणारी जगात एवढीच एक गच्ची होती. त्यांच्या शर्टाची बाही वाऱ्यानं माझ्या हाताला लागत होती. पायाखालच्या गच्चीकडं मी बघितलं. ती अगदी स्थिर होती, कुणालाही तशीच वाटली असती. पुस्तकातलं मराठी मला आठवलं, आणि ते या गोष्टीला फार लांबचं वाटलं.

“फुवा,” मी म्हणाले, “घर हाली ऱ्हायनं. चाला आते आमना घर.”